आमचे व्याही आणि त्यांच्या चपला

आमच्या व्याह्यांइतका कामाचा माणूस अख्ख्या निफाड तालुक्यात सापडणार नाही, आणि त्यांच्या एकट्याच्या घरी जितकी कामं अर्धी पडलेली आहेत तितकी सगळ्या तालुक्याची मिळून नसतील. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. त्यांच्या घराला बाहेरून निळा रंग आहे, पण किती वर्षं तो पहिल्या खिडकीच्या पुढे गेला नव्हता. गोठ्यावर नवे पत्रे आहेत, पण शेवटची म्हैस उन्हातच उभी असते. अंगणात दुरुस्तीला उघडलेला एक पंप आहे, त्यात आता कोंबडी अंडी घालते. घर आळशाचं म्हणावं, तर माणूस पहाटेपासून पायांवर. त्यांना बसलेलं मी फक्त जेवताना पाहिलं, तेही ताट संपेपर्यंत नाही. मध्येच काहीतरी आठवतं, "आलोच" म्हणतात आणि उठतात. व्याही "आलोच" म्हणाले की आपण ताटावर झाकण ठेवून झोपायला जावं, हे त्या घरात गेल्यावर माझ्या लेकीला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती लेकीच्या लग्नात. त्याआधी बैठकीला ते नाशिकला मखमलाबाद रोडला आमच्याकडे आले होते, पण सगळा वेळ विहिरीत डोकावून मोटर बघत होते, त्यामुळे बोलणं काही झालं नव्हतं. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरदेवाचा बाप मांडवात नाही. भटजी बिचारे ओळी ताणत होते. शोधाशोध केली तर व्याही मांडवामागे जनरेटर उघडून बसलेले. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा आवाज त्यांना बरा वाटला नव्हता एवढंच. शेवटच्या "सावधान"ला धावत आले, नवा फेटा कानावर, आणि ऑइलच्या काळ्या हातांनी मूठभर अक्षता टाकल्या. लेकीच्या शालूवर तो डाग अजून आहे. मी तिथेच बोलले, "व्याहीबुवा, हात तरी धुवायचे." तर म्हणतात कसे, "विहीणबाई, आता बघा, जेवणं उरकस्तोवर लाइट जायची नाय." त्या दिवशी आजूबाजूला सगळीकडे लाइट गेली, आमच्या मांडवात नाही गेली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. एकदा माई माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. तिला न्यायला व्याही आले, चहा घेतला, आमच्या नळाची गळती बंद केली, मी दिलेली मेथी आणि वांगी मोटारसायकलला बांधली, आणि निघून गेले. माई आत वेणी घालत होती. ती पिशवी घेऊन बाहेर आली तर दारात कोणी नाही. दीड तासानं तिनं फोन लावला.

"अहो, पोचलात का?"

"पोचलो की."

"काही विसरलात का?"

पिशव्या चाचपल्याचा आवाज. मग म्हणतात, "नाय. वांगी हायेत, छत्रीबी हाय."

माई हसून हसून खाली बसली. तेव्हा हसायची ती.

आणि हाच माणूस संकटात बघावा. एका वर्षी द्राक्षं काढणीला आलेली असताना भर दुपारी आभाळ काळं झालं. मी तिथेच होते. जो तो ओरडत होता, कोणी रडत होतं, जावई फोन कानाला लावून गोल गोल फिरत होते. व्याही एकदम थंड. पेठ तालुक्यातून आलेल्या मजुरांची टोळी त्यांनी उभ्या उभ्या तीन जागी वाटली, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर न विचारता आणला, अर्ध्या गावाचे क्रेट शाळेच्या व्हरांड्यात नेऊन लावले. एकदाही "आलोच" म्हणाले नाहीत. गारा पडल्या तोवर सगळ्यांचा माल आत होता. त्यांची मोटारसायकल मात्र ओढ्यात वाहून गेली, कारण ती कुठे लावली ते त्यांना आठवत नव्हतं. गावातले म्हणाले, दादांनी मनावर घेतलं तर सगळं जमतं. म्हणजे एरवी ते मनावर घेत नाहीत. हे वाक्य त्या माणसानं जन्मभर ऐकलं. शाळेत मास्तरांकडून, बापाकडून, मग मुलाकडूनही.

माई हे वाक्य म्हणत नसे. तिची वेगळीच तऱ्हा होती. मी एकदा मुक्कामाला असताना बघितलं, तर सकाळी व्याह्यांच्या चपला विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर. दुपारी औषध फवारायच्या ब्लोअरच्या चाकापाशी. संध्याकाळी दुधाच्या किटलीच्या झाकणावर. मला वाटलं कुत्रं नेतं की काय. माई म्हणाली, "ताई, ह्यांना सांगून उपयोग नाही. ऐकतात, हो म्हणतात, आणि उंबऱ्याबाहेर पडले की गेलं वाऱ्यावर. पण चपला तर लागतातच पायाला. चपला शोधत जातात, आणि सापडल्या की समोर काम दिसतं." आणि खरंच, व्याही अनवाणी अंगणभर फिरायचे, "अगं, चपला कुठं माझ्या?" माई आतून म्हणायची, "बघा की तिकडं मोटरकडं." दहा मिनिटांनी पाणी चालू. द्राक्षाची बाग अशी चपलांवर चाललेली मी दुसरी पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र माईला लागली ती लागलीच. तिला एकदा विमानात बसायचं होतं. ओझरच्या विमानतळाचं विमान रोज बागेवरून जायचं, आणि ती हातातलं काम टाकून दिसेनासं होईपर्यंत बघायची. शेवटी मुलानं हैदराबादची तिकिटं काढून दिली, तिथे तिचा भाचा राहतो. माई पैठणी नेसून गाडीत बसली. व्याही गाडी चालवत होते. वाटेत एक उसाचा ट्रॅक्टर बंद पडलेला. व्याह्यांनी गाडी बाजूला घेतली, म्हणाले "आलोच", आणि शर्टाच्या बाह्या वर करून त्याच्याखाली शिरले. माईनं हाका मारल्या, हॉर्न वाजवला, शेवटी उतरून उसाच्या मोळीवर जाऊन बसली. ट्रॅक्टर सुरू झाला आणि डोक्यावरून विमान गेलं. व्याह्यांनी वर बघितलं, कपाळाचं ग्रीस पुसलं आणि म्हणाले, "माई, बघ बघ, कसलं भारी उडालंय!"

मग त्यांच्या लक्षात आलं.

ही गोष्ट सगळे हसत सांगतात, मीही सांगितली आहे. पण माई मला म्हणाली होती, "ताई, विमानाचं काही नाही हो. विमानं रोज जातात. पण मी तिथं बसलीय, नवी साडी नेसून, हे ह्यांच्या ध्यानातच नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ह्यांच्या ध्यानात कधी होते का, असं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी माई गेली. झटका आला आणि गेली. व्याह्यांच्या चपला तेव्हापासून दारातच.

त्या वर्षी छाटणी झाली. छाटणीनंतर काडीवर जिथून कोंब फुटतो त्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावावी लागते, म्हणजे सगळी बाग एकदम फुटते. निम्म्या ओळी झाल्यावर औषध संपलं. व्याही ते आणायला गेले, ओझरला कोणाचा तरी ब्लोअर उघडलेला दिसला आणि तिथेच बसले. टोळी वाट बघून घरी गेली. दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या डोक्यात काम झालेलं होतं. पंधरवड्यानं निम्मी बाग हिरवीगार, निम्मी काटक्यांसारखी उघडी, मधोमध सुरीनं कापावी तशी. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून फोटो काढायचे.

जावयांनी माझ्याकडे येऊन सांगितलं, "आत्या, दादांचं डोकं गेलं. म्हातारपणी विसरायचा आजार असतो ना, तोच आहे. नाशिकला डॉक्टरला दाखवतो. तसं निघालं तर बाग दुसऱ्याला करायला देऊन टाकतो. ह्यांना आता बागेत सोडणं बरं नाही." ते चुकीचं बोलत होते असं नाही. पण बाग काढून घेतली की हा माणूस महिनाभरही राहायचा नाही, हे मला दिसत होतं. आणि व्याह्यांनाही दिसत होतं, कारण डॉक्टरकडे जायच्या दिवशी ते माझ्याकडे चहा घेताना एकदाही उठले नाहीत.

दवाखान्यात मीही गेले. नंबर यायला वेळ होता. डॉक्टरीणबाईंनी नाव पुकारलं तेव्हा व्याही खुर्चीखाली होते. खुर्ची डगमगत होती. नाण्यानं स्क्रू आवळून बाहेर आले, म्हणाले, "झालीच."

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी शब्द पाठ करायला लावले, मग इकडचं तिकडचं विचारून पुन्हा तेच शब्द विचारले. व्याह्यांनी सगळे सांगितले, वर बाईंच्या मागचं घड्याळ मागे पडलंय हेही सांगितलं. "हे असं कधीपासून?" बाईंनी विचारलं. जावई म्हणाले, "आई गेल्यापासून." मी म्हटलं, "काही नाही. माझ्या लेकीच्या लग्नापासून तर मीच बघतेय." बाईंनी विचारलं, लहानपणचं सांगणारं कोणी आहे का? व्याह्यांची थोरली बहीण आहे. तिला फोन लावला. ती त्या टोकावरून ओरडली, "अवो डॉक्टरीणबाई, ह्याला गाय राखायला धाडला तर गाय घरी यायची, हा नाय यायचा!"

बाई हसल्या, पण लिहून घेतलं. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, आणखी दोनदा बोलावलं. मग सांगितलं, विसरण्याचा आजार दिसत नाही. हे लहानपणापासूनचं आहे, एडीएचडी म्हणतात. लक्ष असतं, पण ते कुठे ठेवायचं हे माणसाच्या हातात राहत नाही. मी म्हटलं, "पण हे लहान पोरांचं असतं ना? टीव्हीवर सांगतात."

"आजी, ती पोरंच मोठी होतात."

मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं बाग कशी सांभाळली? मी चपलांचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "आता चपला कोण ठेवतं?" जावई जमिनीकडे बघायला लागले. व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो कशाला काढला हे विसरल्यासारखा हातातच धरून बसले.

बाहेर आल्यावर जावयांनी गाडीचं दार दादांसाठी उघडून धरलं. मग म्हणाले, "दादा, बाग तुम्हीच करा. मी बघतो काय लागतं ते." मी आयुष्यात फार वेळा जावयाचं कौतुक केलेलं नाही. त्या दिवशी केलं.

छाती तपासून, ब्लडप्रेशर बघून गोळी सुरू झाली. गोळीनं माणूस दुसरा झाला असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी येऊन निळा रंग बघावा, तो दुसऱ्या खिडकीपर्यंतच पोचलाय. अजून चहा अर्धा राहतो. पण फोनमध्ये लेकीनं घंटा लावून दिल्यात, घंटा वाजली की एकच काम, आणि ते संपेस्तोवर माझी लेक किंवा जावई आसपास असतात. व्याही मला म्हणाले, "विहीणबाई, डोक्यात कांद्याचा लिलाव चालायचा, सगळे व्यापारी एकदम बोली लावायचे. आता एकेक जण बोलतो." आणि जरा थांबून म्हणाले, "एवढं साधं होतं व्हय. साठीला कळलं. माई असताना कळलं असतं तर तिला सांगितलं असतं, त्या ट्रॅक्टरखाली..." मी म्हटलं, "कळलं असतं तर तुमच्या गोळीची आठवण करायचं एक काम तिला वाढलं असतं." हसले. मीही हसले. पण खरं सांगायचं तर हे माझ्या मनाला समजावताच येत नाही, की एका शब्दावाचून दोन माणसं जन्मभर एकमेकांच्या बाजूला राहून चुकीचं समजत राहिली. तिला वाटलं, आपण ह्यांच्या ध्यानात नाही. त्यांना वाटलं, आपण माणूसच निकामी. आणि तो शब्द नाशिकला होता, मोटारसायकलवर दीड तासाच्या वाटेवर.

यंदाच्या छाटणीला मी गेले होते. बांधावर बसले होते. टोळीतल्या बायका पुढच्या ओळींवर, व्याही हातमोजे घालून एका ओळीला पेस्ट लावत होते, एकेका डोळ्याला फडकं टेकवत. त्यांच्या चपला ओळीच्या पार शेवटच्या खांबापाशी ठेवलेल्या होत्या. हल्ली ते स्वतःच ठेवतात. ओळ संपली की पायात घालायच्या.

ओझरकडून विमान आलं. बायकांनी हात थांबवून वर बघितलं, मीही बघितलं. चांगलं खाली होतं, बागेवरून सावली गेली. व्याह्यांनी मान वर केली नाही. खाली वाकून एकेक डोळा, एकेक डोळा, करत शेवटच्या खांबापर्यंत गेले, बादली ठेवली, चपला पायात सरकवल्या, आणि मग आभाळाकडे बघितलं.

"गेलं का हो, विहीणबाई?"

"केव्हाच," मी म्हटलं.