घराला दोन घागरी

विसरून चालणार नाही असं काही कानावर पडलं की ती आधी पदराला गाठ मारायची आणि मग विचारायची, "काय म्हणालात?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण पदरात अख्खी अमेरिका बांधून फिरणारी बाई मी एकच पाहिली.

लातूरच्या आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी होती. ती शेजारच्या घरातली. घर भावाचं, म्हणजे तिचं माहेर. तिला नायगावला दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला सांगितलं, राहायचं तर राहा, तिच्या हाताखाली. ही राहिली नाही, पिशवी घेऊन भावाकडे आली. भाऊ आडतीत मुनीम. माणूस वाईट नव्हता. तीन लेकरं, म्हातारी आई, आणि पगार तेवढाच. लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं. भाऊ तिला म्हणाला, "आता हापिसं येतील. पदवी झाली तर कुठंतरी चिकटशील. न्हाई झाली तर नायगाव हाय."

तिनं बाहेरून परीक्षा देऊन बाकीचे सगळे विषय काढले होते. एकच राहिला होता. अमेरिकेचं सरकार. त्यात ती आधी नापास झाली होती आणि ही शेवटची संधी होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं, लातूरच्या पोरीला अमेरिकेचं सरकार कशाला पाहिजे? तिलाही तेच वाटायचं. पण पेपर होता.

ती पाठ करायला गिरणीत यायची. घरात मोठ्यानं म्हटलं की लेकरं चाळे करून दाखवायची आणि भावजय म्हणायची, "वन्सं, देव तरी आठवा एवढ्यांदा." गिरणीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नसे. ती कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून घसा फाडून म्हणायची. मला दळण ओतता ओतता तुकडे ऐकू यायचे. एकदा काँग्रेस, एकदा न्यायालय, मधेच नकाराधिकार. माझ्या डोक्यात त्याचं पीठच झालं.

एकदा ती अशीच ओरडत असताना वीज गेली. गिरणी एकदम गप्प झाली आणि तिचा आवाज पार चौकापर्यंत गेला. "राष्ट्राध्यक्षाला काढून टाकता येते!"

रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला. "कुणाला काढून टाकायलीस गं बाई?"

"तुला न्हाई, जा तू," मी म्हणाले.

ती पदर तोंडाला लावून हसत बसली. पदरावर तेव्हा पाच-सहा गाठी होत्या. मोठी गाठ राष्ट्राध्यक्षाची. शेजारच्या दोन बारक्या, ती दोन सभागृहं. टोकाची न्यायालयाची. बाकीच्या कशाच्या ते तिला आठवत नसे. मग ती म्हणायची, "थांबा मावशी, परत पहिल्यापासून." हे तिचं नेहमीचं वाक्य. दिवसातून कितीदा तरी ती अमेरिका परत पहिल्यापासून सुरू करायची.

वीज नसली की मला शिकवायची. म्हणायची, दुसऱ्याला सांगितलं की डोक्यात राहतं. माझ्या बाबतीत ते खोटं ठरलं.

"लोक मत देतात," ती सांगायची, "पण ते मत राष्ट्राध्यक्षाला जात न्हाई. मधे माणसं निवडतात. ती माणसं मग राष्ट्राध्यक्ष निवडतात."

"म्हणजे आडत्या. माल शेतकऱ्याचा, सौदा आडत्याचा."

तिनं विचार केला. "आडत्याच. पण असं लिहिता येत न्हाई."

"बरं, मग तो राजा झाला."

"राजा न्हाई. त्याला काँग्रेस अडवते. काँग्रेसला तो अडवतो. दोघांना न्यायालय अडवतं."

"सगळेच अडवतात, मग काम कोण करतं?"

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "तेच मला कळंना झालंय."

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. जिल्हा वेगळा झाला पण पाणी काही वेगळं आलं नाही. विहिरी तळाला गेल्या, नळाला नुसती हवा यायची. गल्लीत टँकर येऊ लागला. तो कधी येईल याचा नेम नसे, म्हणून बायका घागरी ओळीनं लावून ठेवायच्या आणि आवाज आला की धावायच्या. मग भांडणं. तेलाच्या दुकानवाल्यांचं घर मोठं, चार भावांचा संसार एकत्र. त्यांच्या घागरी गल्लीभर. त्यांच्या घरातली म्हातारी, सगळे तिला अव्वा म्हणत, ठासून सांगायची, "आमची माणसं जास्त, आम्हाला पाणी जास्त." पलीकडची एकटी शिंपीण म्हणायची, "टँकर सरकारचा हाय. घर तिथं सारखं पाणी."

एके दिवशी हे झिंज्या धरण्यापर्यंत गेलं. टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला. "तुमचं ठरवा. न्हाई तर मी चाललो पुढच्या गल्लीत."

आणि आमची ही, जी कधी चारचौघांत तोंड उघडत नसे, ती पुढं होऊन म्हणाली, "अमेरिकेत असंच झालं होतं."

टँकरवाल्यानं विचारलं, "अमेरिकेत टँकर येतो?"

"टँकर न्हाई, राज्यं. मोठी राज्यं म्हणायची, माणसं मोजा. बारकी म्हणायची, सगळे सारखे. मग त्यांनी दोन्ही केलं. एका सभागृहात राज्याला दोन माणसं, राज्य मोठं असो का बारकं. दुसऱ्यात डोकी मोजून."

"मग आपण काय करायचं?" अव्वानं विचारलं.

"आधी घराला दोन घागरी. प्रत्येक घराला. राहिलेलं पाणी डोकी मोजून."

हे सगळ्यांना पटलं. कारण त्यात कुणाचंच पूर्ण खरं झालं नाही. टँकरवाला म्हणाला, "चला, डोकी सांगा," आणि बायका एकेक घराची डोकी सांगू लागल्या.

तिच्या घराची पाळी आली. भावजय म्हणाली, "सहा."

नवरा, ती, सासू, तीन लेकरं. मी मोजली. म्हणाले, "सात. वन्संला धरलं न्हाईस."

भावजयीनं तिच्याकडे बघितलं नाही. "वन्सं काय, परीक्षा झाली की जातील नायगावला. चार दिवसांसाठी काय मोजायचं?"

"चार दिवस ती पाणी पीत न्हाई का?"

"मावशी, तुमी तुमची गिरणी बघा."

आमची ही माझा हात धरून म्हणाली, "असू द्या. सहाच म्हणा." तिच्या भाषणावर गल्लीत पाणी वाटलं गेलं आणि तिलाच मोजलं नाही.

संध्याकाळी ती गिरणीत आली. पुस्तक मांडीवर उघडं होतं, पण ती वाचत नव्हती. म्हणाली, "मावशी, तिकडं पूर्वी गुलाम होते. डोकी मोजताना त्यांचं काय करायचं, असा प्रश्न आला. मग ठरलं, पाच गुलाम असले तर तीन माणसं धरायची."

"आणि राहिलेली दोन कुठं जायची?"

"तेवढंच पुस्तकात न्हाई." ती जराशी हसली. "पण पाचांत तीन तरी धरली."

मी चाळणी झाडत बसले.

पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत पदराच्या गाठी एवढ्या झाल्या होत्या की ती चालली की पदर पायावर आपटायचा. ती साडी ती बदलायलाच तयार नव्हती. दिवसा तीच नेसायची, रात्री उशाला घ्यायची. धुतली तर सगळं जाईल, म्हणायची.

पेपरच्या सकाळी मी गिरणी उघडत होते आणि ती धावत आली. डोक्यावरून न्हालेली, केस ओले. अंगावर तीच साडी, पण धुतलेली, घडी मोडलेली, साबणाचा वास येणारी. त्या दिवसांत आम्ही तोंडही वाटीभर पाण्यात धुवायचो. डोक्यावरून अंघोळ तर कुणी लग्नालाही केली नसती.

"वहिनीनं पहाटे उठवून न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "स्वतःच्या वाटणीचं पाणी घातलं. साडी तर कालच, मी झोपल्यावर उशाखालून काढून धुतली. म्हणाली, परीक्षेला स्वच्छ जावा." मग तिनं पदर माझ्यापुढं धरला. पदर सरळ, सपाट. "मावशी, गाठी सोडल्या तिनं. साबण लागत नव्हता म्हणून."

भावजय दारात उभी होती, रिकामी बादली हातात धरून. खूश दिसत होती. तिला मी काय बोलणार?

"डोक्यात काय हाय तेवढं लिही," मी म्हणाले.

"डोक्यात नुसता गोंधळ हाय."

"मग गोंधळ लिही. जा."

ती दुपारी परत आली आणि पोत्यावर बसली. मी पाणी दिलं.

"पहिला प्रश्न दोन सभागृहांचा होता," ती म्हणाली. "मला काहीच आठवंना. गल्लीच दिसायला लागली. तेलवाल्यांच्या घागरी, शिंपिणीच्या घागरी. तेच लिहीत गेले."

"टँकर लिहिलास का काय?"

"न्हाई. राज्यच लिहिलं. पण एका ठिकाणी राज्याला दोन घागरी असं लिहिलं गेलं, मग खोडलं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, खोडलेलं त्यांना वाचता येतं का हो?"

निकाल लागेपर्यंत तिनं हे मला रोज विचारलं. भावानं नायगावला निरोप पाठवायची तयारी ठेवली होती. ती पास झाली. कशीबशी, पण झाली. नव्या जिल्ह्याच्या एका नव्या हापिसात कारकून म्हणून लागली आणि माझ्या गिरणीमागची खोली तिनं भाड्यानं घेतली. भाऊ म्हणाला, कशाला, घर हाय की. ती म्हणाली, "हाय, पण मोजणीत न्हाई." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पुढं तिची बदली झाली, नांदेडकडं, विष्णुपुरीच्या बाजूला. मग आणखी कुठं तरी. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. जिवंत आहे का, मला माहीत नाही. गिरणीही आता नाही. अमेरिकेत काम कोण करतं ते मला अजून कळलेलं नाही आणि आता कळायची आशा नाही.

मला ती आठवते ती त्या खोलीत राहायला आल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. पाणी परत आटलं होतं, टँकर परत सुरू झाला होता. ती हापिसाला जायच्या घाईत होती, तरी दोन घागरी घेऊन आली. एक तांब्याची, एक पत्र्याची. दोन्ही ओळीत ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली.

टँकरवाला तोच होता. पाइप हातात घेऊन त्यानं विचारलं, "ह्या दोन कुणाच्या?"

ती बोलायला तोंड उघडणार तोच ओळीत पुढं असलेली भावजय मागं वळली. "वन्संच्या," ती म्हणाली. "त्यांचं घर वेगळं हाय. घराला दोन."

त्यानं दोन्ही घागरी भरल्या. काठोकाठ. तिनं एक डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर, आणि दोन पावलं गेल्यावर थांबली. घागरी खाली ठेवल्या आणि पदराला एक गाठ मारली. तिला काय विसरायचं नव्हतं, ते मी विचारलं नाही.