गिरजाक्काचं अर्धं शेत

रामनगरपासून दोन कोसांवरच्या वाडीत गिरजाक्काच्या जिभेला सगळे टरकून असत. १९६४च्या मे महिन्यात त्याच जिभेनं तिला गोत्यात आणलं.

सरकारी योजनेतून मिळालेल्या तीस पांढऱ्या कोंबड्या तिनं वर्षभर जाळीच्या खुराड्यात पाळल्या होत्या. त्यांच्या शिटेचं खत भातशेतात घालायचं, हेही सरकारचंच सांगणं. ते कसं घालायचं हे सांगायला ग्रामसेवक वासुदेव एक पुस्तिका घेऊन आला. तीत देशोदेशींचे आकडे होते. कोंबडीखत पसरून आठवडाभर उघडं ठेवलं, तर कुठल्या देशात त्यातलं किती नत्र हवेत उडून जातं त्याचे. सगळे देश थंडीचे आणि सगळे आकडे बारीक.

"बघा गिरजाक्का, घाई करायचं कारणच नाही. खत पसरा आणि आठ दिवसांनी सवडीनं नांगरा."

"ह्यात आपला जोयडा तालुका कुठं हाय?" गिरजाक्कानं विचारलं.

वासुदेवनं पानं चाळली. जोयडा सोडाच, हिंदुस्थानचंही नाव नव्हतं.

"मग त्यास्नी आमचं ऊन काय ठावं? खताचा वास नाकाला झोंबला की त्याचा कस गेला म्हनायचा. आमी पाटी उपडी केली की मागनं लगेच माती ओढतो."

"वास म्हणजे आकडा नव्हे, अक्का," वासुदेव म्हणाला. बिचाऱ्याला वरून हुकूम होता, की पुस्तिकेची रीत सगळ्या वाडीनं पाळली पाहिजे.

झालं, गिरजाक्काचा पारा चढला. "माझ्या शेताचे दोन वाटे करा! अर्ध्यात तुमची रीत, अर्ध्यात माझी. पाट्या सारख्या, बी सारखं. मग सांगा तुमच्या सायबाला!"

एखादा कोपरा दिला असता तरी भागलं असतं. पण बाई अर्धं बोलून बसली, तेही वाडीतल्या बाराही घरांदेखत. शेत एकच, पाऊण एकराचं, आणि घरात खाणारी तोंडं सात.

तिच्या वाट्यातलं खत ऊन वर यायच्या आत मातीखाली गेलं. वासुदेवच्या वाट्यातलं उघडं राहिलं. वळवाच्या सरीनं माती ओली होती आणि वरून ऊन रखरखत होतं. दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहवेना, इतका उग्र वास सुटला. वर्षभर पाटी-पाटीनं साठवलेलं खत डोळ्यांदेखत उडून चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा झिलू फावडं घेऊन शेतात उतरला.

"बाजूला हो. मी झाकतो. वासुदेव जोयड्याला गेलाय, बघायला कोन न्हाई हितं."

"ठेवा ते फावडं."

"पोरांच्या तोंडचा घास हाय त्यो, गिरजे!"

"व्हय, हाय. मला ठावं न्हाई व्हय?" अजून झाकलं तर बरंच वाचेल, हे तिला झिलूपेक्षा जास्त कळत होतं. पण मग दोन्ही वाट्यांचं पीक जवळपास सारखं येईल, खत उघडं ठेवलं तरी चालतं असं वासुदेव लिहून देईल आणि पुढच्या मेमध्ये बारा घरांचं खत असंच उन्हात पडेल. तिनं नवऱ्याच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. झिलू तरातरा घरी निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

श्रावणात एक वाटा काळाभोर हिरवा झाला आणि दुसरा पिवळा पडला. येणारेजाणारे बांधावर थांबून बघत आणि हळहळून पुढं जात. ते गिरजाक्काला फार लागे.

दिवाळीनंतर मळणी झाली. जोयड्याहून जीपमधून वासुदेवचे साहेब आले. तिच्या वाट्याचं भात सात पोती भरलं, उघड्या खताच्या वाट्याचं चार.

"त्या दुसऱ्या वाट्यात गुरं शिरली असतील," साहेब म्हणाले. "काय वासुदेव?"

वासुदेवनं नुसती मान हलवली असती तरी त्याचं निभावलं असतं.

"नाही साहेब," तो कसाबसा म्हणाला. "मी दर सोमवारी येऊन पाहत होतो. फरक खत झाकण्याचाच आहे."

साहेब गिरजाक्काकडे वळले. "खत वाया जातंय हे तुम्हाला कळत होतं, मग झाकलं का नाही? नुकसान तर तुमचंच झालं."

"झाकलं असतं तर तुमचं पुस्तक खरं ठरलं असतं, सायबा."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जीप निघून गेली. पुढच्या मेमध्ये वाडीतल्या सगळ्यांनी पाटीमागं माती ओढली, कुणी अडवलं नाही.

पण तीन पोती कमी भरली ती भरलीच. तो मे यायच्या आधी, फाल्गुनातच घरातलं भात संपलं होतं. एका सकाळी गिरजाक्का कंद खणायला रानाकडे निघाली, तर झिलू आधीच खांद्यावर कुदळ टाकून उंबऱ्याबाहेर उभा.

"चल," तो म्हणाला, "दोघांनी खनलं तर लवकर व्हईल."