आधी बांधावरून चक्कर

या देशात डावखुऱ्या माणसांवर जे अन्याय झाले त्यांची नोंद इतिहासानं घेतली नाही, म्हणून ती मीच घेतो. सतरा-अठरा वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, जालना एमआयडीसीतल्या एका हॉलमध्ये मला अशा खुर्चीत बसवण्यात आलं, जिची लिहायची फळी उजव्या हाताला होती. हॉलमध्ये चाळीस खुर्च्या... चाळीसही उजव्या.

माझ्या डावीकडे आमच्या वर्कशॉपच्या मीराताई बसल्या होत्या, तयार माल तपासणाऱ्या. त्यांची फळी नेमकी माझ्या डाव्या हाताशी येत होती. त्यांनी माझी तिरकी कसरत दोन मिनिटं पाहिली, स्वतःची वही मांडीवर घेतली आणि फळी मला सोडली. मी ती वडिलोपार्जित असल्यासारखी वापरली... चार दिवस.

आता आम्ही तिथं कशाला, ते सांगतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही लष्कराच्या वायरलेस गाड्यांत बसणारी लोखंडी कपाटं बनवायचो. कंपनीनं फर्मान काढलं, की नुसतं वेल्डिंग येऊन भागणार नाही. आपलं कपाट कोणत्या यंत्रणेत बसतं, हेही बनवणाऱ्याला कळलं पाहिजे.

म्हणून पाच दिवसांचं ट्रेनिंग... लष्करी यंत्रणांचं ‘आर्किटेक्चर मॉडेलिंग’. प्रत्येक वर्कशॉपची दोन माणसं. जोडी नापास झाली, की वर्कशॉप यादीतून बाहेर. आमच्याकडे तेव्हा दुसरं काम नव्हतं, आणि पदरी अकरा वेल्डर होते.

आर्किटेक्चर म्हणजे बंकरचे नकाशे असतील, अशी माझी समजूत. शिकवायला एक निवृत्त कर्नल आले होते. आवाज इतका हळू, की ऐकू यावं म्हणून चाळीस माणसं आपोआप गप्प बसायची. मी आयुष्यात पाहिलेला तो एकमेव वक्ता, ज्याच्यासमोर एमआयडीसीचे लोक फोन बंद करून बसले.

ते सांगायचे, एकाच यंत्रणेची निरनिराळी चित्रं काढा. पहिल्यात फक्त एवढंच, की कोणाला कोणाकडून काय कळायला हवं. यंत्रं दुसऱ्या चित्रात, आणि सगळ्यांनी पाळायचे नियम तिसऱ्यात. आधी गरज, मग यंत्र, हे त्यांचं पालुपद. मी जन्मभर आधी यंत्र घेऊन मग गरज शोधत आलेलो... आमच्या शेडमधलं निम्मं सामान साक्षीला आहे.

चौथ्या दिवशी परीक्षेचं चित्र. सीमेजवळच्या ठाण्यावर संपर्काची गाडी लावायची आहे, तिचं मॉडेल काढा. कागदावर छापील चौकट, आणि वर सूचना... आपली यंत्रणा चौकटीत दाखवा.

मीराताई केदारखेड्याकडच्या. आमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं त्या एका बियाणे कंपनीसाठी कपाशीचे बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायच्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि चौकटीला हातही न लावता बाहेर, समासात, तीन चौकोन काढले. शेजारची तुकडी, गावचा टॉवर, बाजूचा जनरेटर. तिन्हींकडून आत येणारे तुटक बाण. मग कुठं त्या चौकटीत शिरल्या.

मी डिप्लोमा होल्डर. म्हणालो, ताई, सूचना वाचली का? वाचली ना भाऊ, म्हणाल्या, आणि पाणी प्यायला गेल्या. तेवढ्यात त्यांच्याच खोडरबरानं मी समास लख्ख केला आणि कागद जमा करून टाकला.

दुपारी कर्नलसाहेबांनी प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारला. उद्या शेजारी दुसरी तुकडी आली आणि तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लागली, तर ते तुमच्या चित्रात कुठं दिसतं? कोणाच्याच चित्रात दिसत नव्हतं. चित्रं एकेक करून बाजूला पडत होती...

आमचा कागद त्यांनी हातात घेतला, थांबले, आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“इथं काहीतरी होतं. कोणी खोडलं?”

चुकून पेन्सिल लागली, असं म्हणता आलं असतं. पण पेन्सिल चुकून लागते तेव्हा तीन चौकोन आणि बाण उमटत नाहीत. म्हणालो, खोडलं मी. काढलं होतं ताईंनी.

त्यांनी ताईंना विचारलं, सूचना चौकटीची असताना बाहेर का काढलं? ताई उभ्या राहिल्या.

“सर, प्लॉट पास करायला गेलं की आम्ही आधी बांधावरून चक्कर मारतो. शेजाऱ्यानं काय पेरलंय ते पाह्यतो, मंग आत जातो. आपलं कितीबी बराबर असू द्या... माशीला सातबारा कळत न्हाई. ती तिकडचे पराग इकडं घेऊन येते, अन् आपलं बी बिघडतं.”

हॉल हसला. कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद ताईंसमोर ठेवला आणि म्हणाले, पुन्हा काढा. मग फळ्यापाशी जाऊन मराठीत लिहिलं, ‘आधी बांधावरून चक्कर’. औरंगाबादहून आलेल्या दोन इंजिनिअरांनी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

इकडे ताई खाली बघूनच मला म्हणाल्या, “रबर द्या इकडं, भाऊ. तुमच्याजवळ ठेवण्यात अर्थ न्हाई.”

पुढं यादीत आमचं नाव टिकलं, अकराच्या अकरा वेल्डर राहिले. लोक मला विचारतात, त्या ट्रेनिंगमध्ये काय शिकलात? मी फळ्यावरची ओळ सांगतो, आणि ती कोणाची हेही सांगतो. हे दुसरं सांगायला मला थोडा उशीर झाला होता, हे इथं कबूल.

पाचव्या दिवशी लेखी पेपर होता. त्याच खुर्च्या, तीच जागा. ताई सवयीनं वही मांडीवर घेऊ लागल्या... त्याआधी मी माझी घेतली. त्यांनी मोकळ्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वही फळीवर ठेवली आणि लिहायला लागल्या.