फाटकाबाहेरची टाळी

कातामार्का म्हणजे अर्जेंटिनातल्या एका प्रांताची राजधानी, पण अँडीजच्या पायथ्याशी वसलेलं ते गाव तसं छोटंसंच. लेकीकडे तिथे दोन महिने राहिले. पहिल्याच दिवशी बाहेर टाळ्या ऐकून मला वाटलं, कुणीतरी कबुतरं उडवतंय. लेक हसली. "आई, कुणीतरी आलंय. इथे बेल वाजवत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात." मला ते जरा गावंढळच वाटलं.

समोर एल्बाबाई एकट्या राहायच्या. दुपारची झोप आटोपली की त्यांची मैत्रीण यायची आणि टाळ्या वाजवायची. एक दिवस दार उघडलंच नाही. तिने पुन्हा वाजवल्या. शेजारचे गृहस्थ झाडांना पाणी घालायचं सोडून आले आणि तेही वाजवू लागले. मी रस्ता कधी ओलांडला, माझं मलाच कळलं नाही. बंद घरापुढे आम्ही पाच-सहा जण टाळ्या वाजवत होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

शेवटी डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या एल्बाबाई दारात आल्या. आमची गर्दी बघून त्यांनी रंगमंचावरच्या नटीसारखं वाकून अभिवादन केलं. मैत्रीण मात्र रडत रडत त्यांना शिव्या देत होती.

पुण्यात आमच्या इमारतीत बेल वाजते ती फक्त त्या घरात ऐकू येते. परवा शेजारच्या काकूंची बेल दोनदा दाबली, आतून काहीच आवाज नाही. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

जिन्यातली तीन दारं उघडली.