किरणांनंतरचं गाऱ्हाणं

धामापूरच्या पलीकडच्या त्या गावात गणपत घाड्यांनी, म्हणजे अप्पांनी, गाऱ्हाणं घातलं की देवालासुद्धा नाही म्हणायची सोय उरत नसे. जत्रेला देवळापुढे उभं राहायचं, एकेका देवतेला नावानिशी हाक मारायची आणि गावाच्या वतीने मागणं मागायचं, हा घाड्यांचा मान. कागद नाही, पोथी नाही, सगळं डोक्यात. आणि चौऱ्याऐंशी साली नेमकी त्याच डोक्यात गाठ निघाली. आता काय म्हणायचं या कर्माला!

मुलगी सुनीती जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनेच अप्पांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘किरण दिले तर वाचतील, पण काही महिन्यांनी विसरायला लागतील, तयारी ठेवा.’ सुनीतीने अप्पांना पहिलं सांगितलं, दुसरं गिळलं.

“जीव गेलो तरी चलात गो,” अप्पा म्हणाले. “माजा गाऱ्हाणा शाबूत रवात मा?”

“रवात, अप्पा.”

गाऱ्हाणं शाबूत राहील, असं बापासाठी ती धडधडीत खोटं बोलली.

मशीनखाली डोळे मिटले की अप्पांना निळ्या ठिणग्या दिसायच्या. माणूस पार घाबरून गेला. त्याच दिवसांत आपला माणूस अवकाशात गेला होता, रेडिओवर दुसरा विषय नव्हता. धीर द्यायला म्हणून सुनीती म्हणाली, “चंद्रार गेलेल्यांकाय अशेच ठिणगे दिसले, अप्पा. आकाशातले बारीक कण थंय कवटीतून आरपार जातत.”

“मगे त्यांची आठवण जाता काय?”

सुनीती चपापली. तिने नेमकं तेच वाचलं होतं. अवकाशात फार दिवस राहिलं तर मेंदूला इजा होईल, अशी शास्त्रज्ञांना धास्ती होती.

“ता अजून कोणाक ठावक नाय,” ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

गावी परतल्यावर ठिणग्यांची गोष्ट ऐकून लोक चेष्टा करायचे, “घाडी आकाशात जावन इलो रे!” अप्पाही मिशीवर ताव द्यायचे. पण चतुर्थीला आरतीच्या मधेच ते अडखळले. पुढे एकदा सुनीतीलाच ‘अक्का’ म्हणून हाक मारली. अक्का त्यांची बहीण, ती जाऊन वर्षं झालेली. शनिवारी घरी आली की सुनीती आडून आडून गाऱ्हाण्याचा विषय काढायची, आणि अप्पा भडकायचे, “बापाशीची परीक्षा घेतंस?”

जत्रा आली. देऊळ माणसांनी फुलून गेलं. अप्पांचा चुलतभाऊ बाबली आज त्यांच्या अगदी पाठीला चिकटल्यासारखा उभा होता, आणि त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिथला रिवाजच तसा. घाडी अडला तर त्याला सांगायचं नाही. जो आवाज पुढचं नाव घेईल, तो देवाने निवडला, आणि मान त्याच क्षणापासून त्याचा.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

“आई सातेरी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अप्पांचा आवाज खणखणीत होता. नावामागून नाव येत होतं. बायकांत उभ्या असलेल्या सुनीतीने श्वास सोडला. आणि अप्पा थांबले.

ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. कपाळावर घाम फुटला. आता पावणाई देवीचं नाव. अहो, गावातल्या शेंबड्या पोरालाही येणारं नाव ते! पण कोणी चकार शब्द काढेना. अप्पांनी डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि हरवलेल्या माणसासारखे सुनीतीकडे बघत राहिले. बाबलीने घसा खाकरला, तोंड उघडलं.

“पावणाई!”

आवाज सुनीतीचा होता. तो घशातून कधी सुटला, तिचं तिलाच कळलं नाही. तिला फक्त बापाला वाचवायचं होतं.

सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. “बाईमाणूस!” कोणीतरी पुटपुटलं. आपण काय करून बसलो हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. इस्पितळात जे शाबूत राहील म्हणून खोटं सांगितलं, तेच तिने भर जत्रेत बापाच्या हातून काढून घेतलं होतं.

“अप्पा, माका तसा नको होता—”

अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. मग हळूहळू दोन पावलं मागे सरले, बाबलीच्याही मागे, आणि समोरची जागा मोकळी ठेवली.

“देवान सांगितल्यान,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. “ये गो. फुडला तू म्हण.”

ती पुढे आली. हात जोडले. “आई पावणाई, म्हाराजा...”

गाव गप्प. मग पाठीमागून एकट्या अप्पांनी साद दिली, “व्हय म्हाराजा.”