उल्मेकेन आपाचं पिंप

आमच्या गावात बोटीचं मशीन बंद पडलं की माणूस आधी मशीनला शिव्या देतो, मग सागिंदिकला, आणि मग उल्मेकेन आपाच्या अंगणात जातो. सागिंदिक पलीकडच्या स्टेशनगावाहून गाडीत पेट्रोल घेऊन येतो, म्हणून शिव्यांचा धनी तो. आपा मशीन सुरू करून देते, म्हणून तिला चहा, मासा, कुणाकडे उंटीण व्याली तर दूध.

आपा आता सत्तरीला आली. तिचे वडील समुद्र गावाशी होता तेव्हाचे मच्छीमार. ती शाळेत असतानाच समुद्र मागे सरकायला लागला आणि लग्न झालं तोवर किनारा दिसेनासा झाला. मग तिने सामूहिक शेताच्या कारखान्यात ट्रॅक्टर उघडायला सुरुवात केली. बायकांनी रेंच धरू नये असं म्हणणारे तिथे बरेच होते, पण ट्रॅक्टर तिच्याच हाताने चालू व्हायचे, तेव्हा तेही गप्प झाले. पुढे बंधारा झाला, पाणी परत आलं, सुदाक मासा परत आला, बोटी आल्या आणि बोटींच्या मागे लावायची मशीनं आली. पहिलं मशीन आपाने अंगणात उघडलं तेव्हा म्हणाली होती, "ट्रॅक्टरच आहे. फक्त पोहायला शिकलाय."

तिची शिस्त एकच. मशीनला हात लावायचा नाही, आधी टाकी बघायची. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केलाय का? नसेल तर मशीन दहा मिनिटं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. मग नळी. मग नळीतला मुठीएवढा रबरी फुगा, तो दाबून बघायचा. घट्ट लागला तर पेट्रोल पुढे पोचतंय, चेपून चपटाच राहिला तर मागे काहीतरी अडलंय. "पेट्रोल ज्या वाटेने येतं त्या वाटेने चालत जा," ती म्हणायची. "मधूनच घुसलास तर चुकशील."

त्या एप्रिलमध्ये बर्फ नुकतं गेलं होतं. मी जाळी टाकायला सहा किलोमीटर आत गेलो आणि मशीन खोकायला लागलं. स्क्रू सैल होता. फुगा घट्ट होता. तरी दोन मिनिटं चालायचं, झटके द्यायचं आणि मरायचं. वारा आत ढकलत होता. दुपारी गावातल्याच बैगालीची बोट दिसली म्हणून वाचलो, असं वाटलं. पण त्याचंही मशीन तसंच खोकत होतं. दोन्ही बोटी एकमेकींना बांधून आम्ही दोघं आळीपाळीने वल्ही मारत किनाऱ्याला लागलो तेव्हा माझ्या तळहातांची कातडी निघाली होती. किनाऱ्यावर आणखी तीन बोटी तशाच ओढून आणलेल्या.

आपा आली. माझ्या मशीनच्या कार्बोरेटरखालचा छोटा स्क्रू काढला आणि आतलं सगळं मुरंब्याच्या काचेच्या बरणीत घेतलं. बरणी दगडावर ठेवून ती बाजूला बसली.

"काय बघायचं त्यात?" बैगाली म्हणाला. "पेट्रोलच आहे की."

"बस जरा. जाळ्यापाशी तासन् तास बसतोस, बरणीपाशी बसवत नाही?"

थोड्या वेळाने बरणीच्या तळाशी काचेसारखा एक थर वेगळा झाला. पाणी. पाचही बोटींत तेच निघालं.

बैगालीला एवढं पुरे होतं. दुर्दैव असं की त्याच वेळी सागिंदिकची गाडी गावात शिरत होती. आम्ही पोचेपर्यंत बैगालीने दगड उचलून समोरची काच फोडली होती. सागिंदिक खाली उतरला, काचेकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"तुझं पेट्रोल पिऊन आम्ही बुडणार होतो," बैगाली ओरडला.

"मी पाणी विकत असतो," सागिंदिक म्हणाला, "तर एवढ्या लांबून आणलं असतं का? तुमच्याकडे अख्खा समुद्र पडलाय."

कुणी हसलं नाही. तो गाडीत बसला आणि फुटक्या काचेतून वारा घेत परत गेला. खरं सांगायचं तर त्याला अडवावंसं मलाही वाटलं नाही. हात ठणकत होते.

आपा तेव्हा काही बोलली नाही. घरी जाताना मला एवढंच म्हणाली, "केन्जे, तुम्ही पाचही जणांनी पेट्रोल भरलं कुठून?"

"तुमच्याच अंगणातून, आपा. पिंपातून." सागिंदिक आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून त्याचं पेट्रोल गावासाठी आपाच्या अंगणातल्या उभ्या पिंपात साठवलेलं असे.

"हं," ती म्हणाली.

घरी जाऊन तिने पिंपाच्या तळाशी नळी सोडून बरणी भरली. पाणी होतंच. ते तिने तळ कोरडा होईपर्यंत उपसलं. मग कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवली आणि दोन वाडगे निळं पाणी पिंपाच्या डोक्यावर, कडांच्या आत ओतलं. झाकण तिने स्वतः घट्ट पिळलेलं होतं. वाऱ्याने सुकू नये म्हणून वर परात पालथी घातली आणि मला सकाळी यायला सांगितलं.

सकाळी परात उचलली. पिंपाचं डोकं कोरडं होतं. तिने पुन्हा तळातून बरणी भरली आणि उन्हात धरली. तळाला निळा थर होता.

मग बरणी माझ्या हातात दिली. मला कळेना. तिने समजावलं, ते अगदी हळू आवाजात. दिवसा पिंप तापतं, आतली हवा झाकणाच्या झिजलेल्या रबरातून बाहेर जाते. रात्री गारठतं, तेव्हा ते श्वास आत ओढतं. डोक्यावर पाणी साचलेलं असेल तर पाणीच ओढतं. "महिनाभर बर्फ वितळून वर साचत होतं. मी रोज बघत होते."

"आपा, हे कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते, पण म्हणालो खरं. "सागिंदिकचं काय, तो विसरेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बरणी खाली ठेवली.

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय, टाकीपासून सुरुवात करा. आणि टाकीच्या मागे माझं अंगण आहे, हे मला दिसलं नाही."

तिने पाचही जणांना चहाला बोलावलं. भाकरी, लोणी, मीठ घातलेला दुधाचा चहा, सगळं मांडलं आणि मध्ये निळी बरणी ठेवली. सांगून झाल्यावर बैगालीने चहाचा वाडगा बाजूला सारला. म्हणाला, "आपा, काच तर मी फोडली."

"दगड तुझा होता. पाणी माझं होतं. दोघांनीही जायचं."

मीच त्या दोघांना जीपमधून स्टेशनगावी घेऊन गेलो. सागिंदिक अंगणात काच बसवत होता. आपाने जीपमधून उतरल्या उतरल्या, दार ओलांडायच्या आधीच सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. बैगाली मान खाली घालून उभा होता. सागिंदिकने ऐकून घेतलं.

"काच फुटली, तेव्हा मला वाटलं होतं, आपा तरी विचारतील," तो म्हणाला. "एक शब्द विचारला असता."

"विचारायला हवं होतं," आपा म्हणाली.

त्याने आत या म्हटलं नाही. आम्ही परत निघालो. 

दीड महिना सागिंदिक आला नाही. आम्ही आळीपाळीने स्टेशनगावाहून डबे वाहिले. आपाने पिंपाला नवं रबर लावलं, ते छपराखाली आडवं केलं, आणि कुणीही पेट्रोल न्यायला आला की आधी बरणीत घेऊन त्याला दाखवायला लागली. काही दिवस तिने मशीनंही उघडली नाहीत. लोक घेऊन यायचे, ती म्हणायची, "ठेवून जा," आणि मशीनं आठवडाभर तशीच पडून राहायची. तिच्या हातांना स्वतःचाच भरवसा उरला नव्हता, असं मला वाटतं. मग जूनमध्ये बैगालीचं मशीन खरंच बिघडलं. तो अंगणात बसून राहिला, उठेचना, तेव्हा तिने वैतागून रेंच उचलला.

त्याच आठवड्यात सागिंदिकची गाडी आली. त्याने पिंप भरलं, झाकण स्वतः पिळलं. आपाने चहाला बोलावलं तर म्हणाला, घाई आहे. तिने वाडगा बाहेर गाडीपाशी आणून दिला. त्याने तो उभ्याउभ्याच प्यायला.

तीन वर्षं झाली. तो दर आठवड्याला येतो, चहा अजून गाडीपाशीच होतो. फक्त आता ती दोन वाडगे आणते, आणि दोघंही उभ्यानेच पितात.