मेन बंद, पंखा चालू

सासरे वारल्यानंतर आमच्या घरी एकदाच आले, आणि तेही मी मेन स्विच बंद केल्यावर.

आमचं घर गडब गावात, हायवेपासून थोडं आत. मी डोलवीकडच्या एका कंपनीत सेफ्टीत आहे. ‘वीज बंद केल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही,’ हे मी रोज शिफ्टच्या सुरुवातीला दांडग्या बाप्यांना ओरडून सांगते (ते जांभया देतात, ही गोष्ट वेगळी). त्यामुळे सासऱ्यांच्या बंद खोलीतला जुना पंखा उतरवून लेकीसाठी नवा लावायचं ठरलं, तेव्हा मी छाती पुढे काढली.

“उद्या वायरमन येईल गं,” माझा नवरा नितीन म्हणाला.

“मी असताना वायरमन? कंपनीत कळलं तर हसतील!”

मी मेन खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. हॉलमधल्या प्लगात टेस्टर घातला, त्याचा दिवा लागला नाही.

“मेलं!” मी जाहीर केलं.

“तो शब्द नको गो, त्यांच्या खोलीच्या दाराशी,” सासूबाई पुटपुटल्या.

नुकतीच जेवणं झाली होती, पण आभाळ एवढं भरून आलं होतं की खोलीत भरदुपारी तिन्हीसांज. सासऱ्यांची खाट तशीच. खुंटीला त्यांचा पांढरा सदरा. हवेत अजून त्यांच्या बामाचा वास. मी स्टुलावर चढले. नितीनने स्टूल धरलं (म्हणजे स्टुलाच्या आधाराने तो उभा होता). पंख्यावरची, तारा झाकणारी वाटी खाली सरकवली, तर वर्षानुवर्षांची धूळ माझ्या नाकातोंडात! मी खोकले. चांगली घसा खरवडून.

आणि बोट तारेला लावणार, एवढ्यात पात्याने माझ्या खांद्याला हळूच ढकललं.

“नितीन, पंखा हलवू नकोस.”

“मी खाली आहे गं.”

खट... खट... खट. सगळं घर चिडीचूप आणि तो एकटा पंखा फिरायला लागला. खुंटीवरचा सदरा फुगला. त्याची एक बाही माझ्या दिशेने वर उठली.

मी स्टुलावरून थेट खाटेवर, नितीन खाटेखाली! सासूबाई दारातच हात जोडून उभ्या. “त्यांची आडवं व्हायची वेळ झाली...” मग पंख्याकडे बघत, “अवो, ती मुद्दाम नाय पडली तुमच्या खाटेवर. सांभाळून घ्या पोरीला!”

“आई, वीज कुठून आणली ते विचारा ना त्यांना!” (सेफ्टीचा माणूस मरतानाही चौकशी करतो.)

तेवढ्यात पुढचं दार धडधडलं. बाहेर काका, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली, तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. काकांचा चेहरा पांढराफटक.

“वैनी, तिकडं कोन खाकरला?”

“ही. सून.”

काका उंबऱ्यातच मटकन बसले. “मला वाटला, दादूस आला.”

भिंत घातली तेव्हा खोल्या वाटल्या, पण वायर वाटायची राहिली होती. त्या पंख्याचा स्विच काकांच्या पडवीत, काकांच्याच मीटरवर! आणि हे त्या दोघा भावांशिवाय कोणालाच, अगदी सासूबाईंनाही, माहीत नव्हतं.

“दादूस जेवून आडवा झाला की खाकरायचा. मी बटन दाबायचो. बोलना नव्हता ना आमचा.” काकांनी डोळे पुसले. “आज खाकरल्यावर हात आपोआप गेला. मंग आठवला, तो तर नाय!”

मी माझ्या बोटांकडे बघत होते. तो खोकला जरा उशिरा आला असता, तर बोटं उघड्या तारेवर असती आणि सासऱ्यांची प्रत्यक्षच गाठ पडली असती.

मग मी काकांच्या चालू प्लगात आधी टेस्टर तपासला. काकांनी आपला मेन बंद केला आणि समोर खुर्ची टाकून राखणीला बसले. या वेळी टेस्टर हॉलमध्ये नाही, त्याच तारेला लावला. पुन्हा पुन्हा लावला. तेव्हा कुठे पंखा उतरला. आमच्या मीटरवरून नवी वायर ओढायला मात्र मी गुपचूप वायरमनला फोन केला. सासूबाईंनी काकांना चहाला थांबवून घेतलं, त्याच खाटेवर.

कंपनीत यातलं काही मी सांगितलेलं नाही. पण घरात साधा बल्ब बदलायचा झाला तरी नितीन मला बाजूला सारतो.

“तू राहू दे गं. लोकांनी मेन बंद केला की वीज मरते. तू बंद केलास की मेलेले चालू होतात!”